मुलांचं वाढलेलं वजन आणि आतड्यातले जिवाणू : प्रोबायोटिक, प्रीबायोटिक काय करतात, काय करत नाहीत

मुलाचं वजन वयाच्या मानाने जास्त आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की आईबाबा उपाय शोधू लागतात, आणि त्या शोधात हल्ली प्रोबायोटिकचं नाव लवकरच समोर येतं. कॅप्सूल, पुड्या, छोट्या बाटल्यांतली पेयं, चघळायच्या गोळ्या. सगळ्यांवर आतड्याच्या आरोग्याचा दावा छापलेला असतो. काळजीत असलेल्या माणसाला असा दावा आधार वाटतो. म्हणूनच उत्तर आधी सांगते आणि कारणं नंतर. निव्वळ वजन उतरावं म्हणून मुलाला प्रोबायोटिक द्यावं, इतका पुरावा आज नाही. प्रीबायोटिकची, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होणाऱ्या तंतुमय घटकांची बाजू थोडी बळकट आहे. पण त्यांचीही खरी जागा रोजच्या ताटात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली ५ ते १९ वयोगटातल्या ३९ कोटींहून जास्त मुलामुलींचं वजन प्रमाणाबाहेर होतं आणि त्यांपैकी १६ कोटी लठ्ठ या गटात मोडत होते. इतकी मुलं, इतके पालक. त्यांच्यापर्यंत अर्धवट माहिती पोहोचली तर पैसा जातो, वेळ जातो आणि मुलाला ‘माझ्यात काहीतरी बिघाड आहे’ असं वाटत राहतं ते वेगळंच.

आतड्यात राहतं कोण?

आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. २०१६ साली संशोधकांनी ही मोजणी नव्याने केली. ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा हिशोब निघाला. म्हणजे दोन्ही आकडे जवळपास सारखेच. या सगळ्या जिवाणूंचं वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास भरतं. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

आपल्याला जे पचवता येत नाही, ते हे जिवाणू पचवतात. धान्याचा कोंडा, डाळींतल्या काही शर्करा, भाज्याफळांतले तंतू लहान आतड्यातून जसेच्या तसे पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यात त्यांचं किण्वन होतं, म्हणजे ते आंबतात. याखेरीज हे जिवाणू के जीवनसत्त्व आणि काही बी जीवनसत्त्वं तयार करतात, रोगकारक जंतूंना पाय रोवू देत नाहीत आणि वाढत्या मुलाच्या रोगप्रतिकारशक्तीला आपलं कोण, परकं कोण हे ओळखायला शिकवतात.

ही वस्ती जन्माच्या वेळी आईकडून मिळालेल्या जिवाणूंपासून सुरू होते आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत मोठ्या माणसासारखी दिसू लागते. या काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल सर्वाधिक असलेला घन घटक म्हणजे ओलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा. त्या लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात, आणि बाळाला त्या पचवताच येत नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम प्रजातीच्या जिवाणूंचं अन्न आहेत. आईचं शरीर एवढी ऊर्जा खर्चून बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी शिधा पाठवतं! पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांना १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत हे दोन फाटे फुटलेले जिवाणू सापडले होते. त्यांच्या या आवडत्या खाद्याचा उलगडा पुढे अनेक दशकांनी झाला. प्रीबायोटिक या कल्पनेचं निसर्गातलं सगळ्यात जुनं उदाहरण हेच.

दोन शब्द, दोन वेगळी कामं

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव, जे पुरेशा प्रमाणात दिले तर आरोग्याला फायदा होतो. २००१ साली संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी ही व्याख्या केली आणि थोड्या फेरफाराने ती आजही चालते. व्याख्या लहान असली तरी तीन अटी घालते : जिवाणू जिवंत हवेत, प्रमाण पुरेसं हवं आणि फायदा सिद्ध झालेला हवा. बाजारातली कितीतरी उत्पादनं तिसऱ्या अटीवर अडतात.

फायदा सिद्ध होतो तो विशिष्ट स्ट्रेनचा. जिवाणूच्या नावात तीन भाग असतात : प्रजाती, जाती आणि शेवटी स्ट्रेन, म्हणजे त्या जातीतला नेमका उपप्रकार. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी यातलं ‘जीजी’ हे स्ट्रेनचं नाव. मुलांच्या जुलाबांवर याच जीजीचा अभ्यास झाला असेल, तर ते निष्कर्ष दुसऱ्या एखाद्या लॅक्टोबॅसिलसला लागू होत नाहीत. वेष्टनावर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं असेल, तर आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. जाता जाता एक खुलासा : २०२० साली शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस या मोठ्या प्रजातीची २५ प्रजातींत विभागणी केली. त्यामुळे नव्या वेष्टनांवर लॅक्टिकॅसिबॅसिलस वगैरे अनोळखी नावं दिसली तर गोंधळू नका, जिवाणू बहुधा जुनाच असतो.

प्रीबायोटिक जिवंत नसतं. आपल्या आतड्यातल्या उपयुक्त सूक्ष्मजीवांना निवडून पोसणारा आणि त्यातून आरोग्याला फायदा करणारा पदार्थ म्हणजे प्रीबायोटिक. ही कल्पना ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी १९९५ साली मांडली. इन्युलिन, फ्रुक्टो-ओलिगोसॅकराइड आणि गॅलॅक्टो-ओलिगोसॅकराइड ही त्यातली जास्त अभ्यासलेली नावं. यातली बहुतेक प्रीबायोटिक फायबर, म्हणजे तंतुमय घटक, या गटात मोडतात, पण प्रत्येक फायबर प्रीबायोटिक नसतं. प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक एकत्र दिली की त्याला सिनबायोटिक म्हणतात.

तोंडावाटे घेतलेले प्रोबायोटिक जिवाणू बहुधा पाहुण्यासारखे असतात : येतात, काही काळ राहतात आणि डोस थांबला की निघून जातात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. काही माणसांच्या आतड्यात हे जिवाणू थोडे तरी रुजले, तर काहींच्या आतड्यातल्या मूळ जिवाणूंनी त्यांना जागाच दिली नाही. प्रीबायोटिक मात्र आधीपासून तिथे राहणाऱ्यांना खाऊ घालतं. मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची बरीच उत्तरं इथूनच निघतात.

वजनाशी संबंध कुठून जोडला गेला?

सुरुवात उंदरांपासून झाली. २००४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर घेतले. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नव्हता. त्यांना सामान्य उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिल्यावर दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, तीही आधीपेक्षा कमी खाऊन. २००६ साली याच गटाने लठ्ठ उंदरांचे जिवाणू निर्जंतुक उंदरांना दिले, तेव्हा सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा त्यांची चरबी जास्त वाढली.

२०१३ चा प्रयोग त्याहून बोलका आहे. एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा माणसांच्या जुळ्या भावंडांच्या जोड्या निवडल्या आणि त्यांचे जिवाणू उंदरांना दिले. लठ्ठ भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी वाढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची लीद खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण होते. सडपातळ भावंडाकडून आलेले जिवाणू दुसऱ्या उंदरांतही रुजले आणि त्यांची चरबीवाढ रोखली गेली. पण एका अटीवर : खाण्यात संपृक्त चरबी कमी आणि फळं-भाज्या भरपूर असतील तरच. चरबी जास्त आणि तंतू कमी असलेल्या खाण्यावर हे संरक्षण मिळालं नाही. ‘चांगले’ जिवाणू नुसते पोटात सोडून भागत नाही, तिथे त्यांना जगवणारं अन्नही लागतं, हे यातून स्पष्ट झालं.

याच काळात माणसांबद्दलही एक सोपं सूत्र लोकप्रिय झालं : लठ्ठ व्यक्तींत फर्मिक्युट्स गटातले जिवाणू जास्त आणि बॅक्टेरॉइडीट्स कमी. पुढे अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा हे सूत्र टिकलं नाही. शीची तपासणी करून मुलाच्या आतड्यातल्या जिवाणूंचा ‘लठ्ठपणा-गुणोत्तर’ सांगणारे अहवाल कोणी देत असेल, तर त्यावर खर्च करू नका. त्या आकड्यावरून कोणताही उपचार ठरत नाही.

जिवाणू तंतू आंबवतात तेव्हा ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. बाकीची रक्तातून यकृतापर्यंत आणि पुढे जातात. आतड्यातल्या काही पेशींना या मेदाम्लांची चाहूल लागली की त्या पीवायवाय आणि जीएलपी-१ ही संप्रेरकं सोडतात. ती मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतात. वजन कमी करण्याची जी नवी इंजेक्शनं चर्चेत आहेत, ती याच जीएलपी-१ची नक्कल करतात. यावरून फायबर खाल्लं की इंजेक्शनसारखा परिणाम होतो असं मात्र समजू नये. औषधाचा परिणाम कितीतरी पटींनी मोठा आणि दीर्घकाळ टिकणारा असतो.

दुसरा धागा आतड्याच्या अस्तराचा. अस्तर कमकुवत झालं तर काही जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे रक्तात शिरतात आणि शरीरात मंद दाह धुमसत राहतो. त्याने इन्सुलिनचं काम बिघडू शकतं. उंदरांत याचे पुरावे भक्कम आहेत. मुलांमध्ये लठ्ठपणा आणि असा दाह एकत्र आढळतात, पण सुरुवात कशापासून झाली हे त्यावरून ठरत नाही.

मुलांवरच्या प्रयोगांत काय दिसलं?

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सविस्तर सांगण्यासारखा आहे. ७ ते १२ वर्षांची, वजन जास्त असलेली ४२ मुलं घेतली. एका गटाला रोज ८ ग्रॅम ओलिगोफ्रुक्टोजयुक्त इन्युलिन आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी पण परिणाम नसलेली पूड, असं १६ आठवडे चाललं. कोणाला काय मिळतंय ते मुलांना ठाऊक नव्हतं आणि संशोधकांनाही.

इन्युलिन मिळालेल्या मुलांचा वजनाचा झेड-स्कोअर ३.१ टक्क्यांनी घटला, शरीरातल्या चरबीचं प्रमाण २.४ टक्क्यांनी आणि धडावरच्या चरबीचं ३.८ टक्क्यांनी कमी झालं. दुसऱ्या गटात फारसा फरक पडला नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी १९ टक्क्यांनी उतरली, दाह दाखवणारा इंटरल्युकिन-६ हा घटकही घटला. आणि आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम वाढले, तेच, आईच्या दुधावर पोसले जाणारे.

झेड-स्कोअर म्हणजे त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांच्या सरासरीपासून हे मूल किती दूर आहे त्याचं माप. वाढत्या वयात वजन वाढणारच, वाढायलाच हवं. त्यामुळे मुलांच्या बाबतीत किती किलो उतरले हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा असतो. उंची वाढत असताना वजनाची वाढ मंदावली, तरी ती मोठीच प्रगती असते.

हे वाचून लगेच इन्युलिनचा डबा मागवावासा वाटेल, तर थोडं थांबा. २०१४ साली पोलंडमध्ये झालेल्या अभ्यासात ७ ते १८ वर्षांच्या ९७ मुलांवर ओलिगोफ्रुक्टोजचा १२ आठवडे प्रयोग झाला. लहान मुलांना रोज ८ ग्रॅम, मोठ्यांना १५ ग्रॅम. वजनात दोन गटांत काहीच फरक दिसला नाही. जवळजवळ तोच पदार्थ असूनही निकाल मात्र वेगळा आला. कदाचित वयामुळे, कदाचित कालावधीमुळे, कदाचित मुलं एरवी जे खात होती त्यामुळे. ४२ मुलांच्या एका चांगल्या अभ्यासावरून आशा धरता येते, पण सगळ्या मुलांसाठी नियम बांधता येत नाही.

प्रोबायोटिकचं चित्र याहून विस्कळीत आहे. डेन्मार्कमध्ये ५० लठ्ठ किशोरवयीन मुलांवर लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियसच्या एका स्ट्रेनचा १२ आठवडे प्रयोग झाला, परिणाम शून्य. इटलीत यकृतात चरबी साठलेल्या लठ्ठ मुलांना आठ स्ट्रेनचं एक मिश्रण ४ महिने दिल्यावर यकृत सुधारलं आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, हाही घटला, हा २०१४ चा अभ्यास. तेच मिश्रण अमेरिकेत लठ्ठ किशोरवयीनांच्या एका छोट्या गटाला १६ आठवडे दिलं, तर त्यांच्या अंगावरची चरबी दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढली. तो अभ्यास २०१८ चा, जेमतेम १९ मुलांवरचा. इतक्या कमी मुलांवरून प्रोबायोटिकने वजन वाढतं असं म्हणणंही चूक ठरेल. पण ‘नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना’ असं जे सहज बोललं जातं, ते किती पोकळ आहे हे यावरून कळतं.

न्यूझीलंडच्या संशोधकांनी तर निरोगी, सडपातळ दात्यांच्या आतड्यातले सगळे जिवाणूच कॅप्सूलमधून ८७ लठ्ठ किशोरवयीनांपैकी सुमारे निम्म्यांना दिले. २०२० साली निकाल आला : सहा आठवड्यांनी बीएमआयमध्ये फरक नाही. अख्खी वस्ती बदलायचा प्रयत्न करून वजन हललं नाही, तर एकदोन स्ट्रेनच्या पुडीकडून कितीशी अपेक्षा ठेवायची?

यकृतात चरबी साठलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र संशोधन पुढे चालू ठेवावं असे संकेत मिळाले आहेत. आतड्यातून निघालेलं रक्त थेट यकृतात जातं, त्यामुळे तिथे जिवाणूंचा प्रभाव आधी दिसणं स्वाभाविक आहे. ते उपचार बालपोटविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हायला हवेत.

मग द्यायचं काय? आधी फायबर

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मुलांसाठी नैसर्गिक अन्नातून मिळणाऱ्या फायबरचे आकडे दिले : २ ते ५ वर्षांसाठी दिवसाला किमान १५ ग्रॅम, ६ ते ९ वर्षांसाठी २१ ग्रॅम आणि १० वर्षांपासून पुढे २५ ग्रॅम. भाज्या आणि फळं याच क्रमाने २५०, ३५० आणि ४०० ग्रॅम. मुलाने काल दिवसभरात काय खाल्लं ते आठवून बघा. बिस्किटं, पांढरा ब्रेड, पाकिटातला खाऊ आणि गोड पेयं यांवर दिवस गेला असेल, तर यातला निम्मा आकडाही गाठला जात नाही.

मध्यम आकाराच्या केळ्यात ३ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, सालासकट सफरचंदात ४ ग्रॅमच्या आसपास. अर्धा कप शिजवलेल्या मसुरात ७ ते ८ ग्रॅम. पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसमध्ये १ ग्रॅमही नाही. डाळी आणि कडधान्यं किती मोठी बाजी मारतात ते बघा. त्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा आपल्याला पचत नाहीत, थेट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोहोचतात. कांदा, लसूण, गहू आणि सातूत इन्युलिनसारखे फ्रुक्टन असतात. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन असतं. कच्च्या केळ्यात आणि शिजवून थंड केलेल्या बटाट्यात किंवा भातात न पचणारा स्टार्च असतो, तोही जिवाणूंच्या उपयोगी पडतो.

जिवाणूंचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी वजन जास्त असलेल्या मुलाला हे अन्न फायद्याचंच आहे. ते चावायला वेळ लागतो, पोट लवकर भरतं, जेवणानंतर साखर झपकन वर चढत नाही. जिवाणूंमुळे फायबरमधून काही ऊर्जा मिळते हे खरं, पण ती ग्रॅममागे सुमारे २ कॅलरी, साखरेच्या निम्मी. म्हणून मी फायबरला पहिलं स्थान देते. वजनावर अपेक्षेइतका परिणाम नाही झाला, तरी खाल्लेलं वाया जात नाही.

सुरुवात मात्र हळू करा. रोजच्या ८-१० ग्रॅमवरून एकदम २५ वर उडी मारली तर पोट फुगतं, गॅस होतो, दुखतं आणि मूल पुन्हा त्या पदार्थाकडे बघत नाही. काही आठवड्यांत थोडं थोडं वाढवा, पाणी पुरेसं द्या. पोटदुखीचा, इरिटेबल बॉवेलचा त्रास असलेल्या काही मुलांना फ्रुक्टन सोसत नाहीत. त्यांचा आहार तज्ज्ञांना विचारून ठरवावा. पुडीतलं इन्युलिनही याच कारणाने स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

वजन जास्त असलेल्या बऱ्याच मुलांना बद्धकोष्ठही असतं आणि त्यासाठी प्रोबायोटिक आणलं जातं. बालपोटविकारतज्ज्ञांच्या युरोपीय आणि उत्तर अमेरिकी संघटनांनी २०१४ साली दिलेल्या संयुक्त मार्गदर्शनात बद्धकोष्ठावर प्रोबायोटिक किंवा प्रीबायोटिक देण्याची शिफारस नाही. वयाला योग्य इतकं फायबर, पुरेसं पाणी, शौचाला बसण्याची ठरावीक वेळ आणि गरज असेल तर शी मऊ करणारं औषध, असा उपचार त्यात आहे.

दही, आंबवलेले पदार्थ आणि साखर

साधं, गोड न केलेलं दही मुलाला मानवत असेल तर जरूर द्या. त्यातून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं आणि त्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात. पण आंबवलेला प्रत्येक पदार्थ प्रोबायोटिक नसतो. आंबवून नंतर भाजलेल्या, उकळलेल्या किंवा वाफवलेल्या पदार्थात जिवाणू जिवंत उरत नाहीत. तो पदार्थ पौष्टिक असेल, पचायला हलकाही असेल, पण जिवंत जिवाणूंच्या व्याख्येत बसत नाही. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या भाज्यांचंही तेच, त्या आंबवलेल्या नसतात.

मुलांसाठीची प्रोबायोटिक पेयं आणि फळांच्या चवीचं दही यांत साखर किती आहे ते पाहिल्याशिवाय घेऊ नका. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या सल्ल्यानुसार २ ते १८ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपेक्षा कमी खावी, आणि दोन वर्षांखालच्या बाळांनी मुळीच नाही. आतड्याच्या भल्यासाठी म्हणून घेतलेल्या पेयातूनच यातला मोठा वाटा जाणार असेल, तर ते वजन जास्त असलेल्या मुलासाठी घरी आणण्यात काही अर्थ नाही.

प्रोबायोटिक कधी खरंच उपयोगी पडतं?

वजनासाठी नसलं तरी इतर काही ठिकाणी त्याचा आधार आहे. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा सॅकरोमायसीस बुलार्डी हे यीस्ट योग्य मात्रेत उपयोगी ठरतात. डॉक्टरांनी ते लिहून दिलं असेल तर घ्यावं. त्यात स्ट्रेनचं पूर्ण नाव, मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या आणि साठवण्याची सूचना वेष्टनावर असायला हवी. ही संख्या सीएफयूमध्ये देतात. १ अब्ज सीएफयू म्हणजे १०० कोटी जिवंत जिवाणू. उत्पादनाच्या दिवशी किती होते यापेक्षा मूल ते घेईल त्या दिवशी किती उरले असतील हे महत्त्वाचं. जास्त आकडा म्हणजे जास्त गुण असंही नाही, अभ्यासात जी मात्रा वापरली तीच खरी.

निरोगी मुलांना यातून सहसा अपाय होत नाही. पण कर्करोगाचे उपचार चालू असलेली, प्रतिकारशक्ती खालावलेली किंवा रक्तवाहिनीत कायमची नळी बसवलेली मुलं यांच्यात हेच जिवाणू रक्तात शिरून गंभीर संसर्ग करू शकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली असाच इशारा दिला होता.

वजनावरचा उपचार वेगळा आहे

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२३ साली लठ्ठपणावरच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली. तिचा पाया आहे संपूर्ण कुटुंबासोबत केलेलं सघन समुपदेशन : ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास, समोरासमोर. खाणं, हालचाल, झोप, पडद्यासमोरचा वेळ, सगळं त्यात येतं. मोठ्या मुलांसाठी गरजेप्रमाणे औषधंही त्यात आहेत. लठ्ठपणा हा आळशीपणाचा किंवा हावरटपणाचा पुरावा नाही, तो जनुकं, परिसर आणि शरीराच्या रचनेतून घडलेला दीर्घकालीन आजार आहे, हेही तिथे स्वच्छ शब्दांत मांडलं आहे. एका मुलासाठी वेगळं ताट आणि भावंडांसाठी वेगळं, असं करू नका. डाळ, भाजी, फळ घरातल्या सगळ्यांच्याच ताटात वाढा. मूल घरातल्यांना बघून खायला शिकतं, आणि एकट्याला वेगळं काढलं की दुखावतं.

काही लक्षणं दिसली तर घरगुती प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा : मानेवर किंवा काखेत मखमली, काळपट पट्टे, झोपेत मोठ्याने घोरणं, श्वास अडखळणं, वारंवार लघवी आणि सतत तहान, नेहमीची डोकेदुखी, गुडघा किंवा खुबा दुखून लंगडणं. वजन वाढत असताना उंची थांबली असेल, तर हार्मोनची तपासणी लागू शकते. डॉक्टर वयानुसार रक्तातली साखर, चरबी आणि यकृताची विकरं तपासायला सांगतील. जाताना मूल तीनचार दिवस काय खातं-पितं त्याची साधी नोंद न्या, आणि एखादं प्रोबायोटिक किंवा फायबरची पूड आधीच चालू असेल तर तिचं वेष्टनही. त्यावरचं स्ट्रेनचं नाव, मात्रा आणि साखरेचा आकडा पाहून ती चालू ठेवायची की बंद करायची, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगता येईल.